शिदूतात्या फायनल २

रात्री साडेअकराला त्यानं विचारलं,
आत्ता करू की नंतर?
मी कप विसळत होतो. नंतर म्हणायचं होतं,
ओलं बोट आत्तावर पडलं.
टक्के चढायला लागले. मी शटर ओढून घरी गेलो.

सकाळी काळी पाटी.
वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत,
आत बसून कुणीतरी
काय लिहायचं होतं ते आठवतंय असं.
बटण दाबलं. पंखा गुरगुरला, गप्प झाला.
बायको फोनवर म्हणाली, उदबत्ती लाव.
लावली.

आणि नेमकं उद्या शिदूतात्या झांबऱ्यांचं रक्षाविसर्जन.
नऊ वाजता पुतण्या दारात:
"कोष्टीकाका, सहा बाय चार. झालं का?"
तात्या आत अडकलेले. मागचा लग्नाचा मांडव पुसून,
फेटा तेवढा ठेवून,
खांद्यावर कुणाचा तरी हात होता तो
दोन तास खपून काढलेला.
"होतंय," म्हणालो.
होतंय म्हणजे काय ते त्यालाही कळलं.

उशीच्या अभ्र्यात लॅपटॉप घालून
एसटी स्टँडमागं आसमा मुल्लाकडं गेलो.
तिच्या टेबलावर पोट उघडी टाकलेली यंत्रं,
एकेकावर चिकटपट्टी: सावळज, मणेराजुरी, कवठे एकंद.
"अपडेट?" तिनं मान वर न करता विचारलं.
मी वही विसरलेल्या पोरासारखा उभा.

नऊ स्क्रू. निघाले त्या क्रमानं
तिनं बशीत गोल मांडले.
पंख्यातनं जे निघालं ते बघून लाज वाटली:
धूळ, राख, एक वाळलेली मुंगी,
आणि वास. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा.
तासगावात काहीही उघडा, आत तो असतोच.

बॅटरी काढून तिनं बटण दाबून धरलं,
तोंडानं तीसपर्यंत मोजत.
"उरलीसुरली वीज जाऊ दे. नाहीतर जुनंच धरून बसतं."

मग पेनड्राइव्ह लावून
तिनं मला मागच्या दारानं आत नेलं.
घर माझंच, भिंतींचा रंग निराळा.
नवीन फोल्डर. नवीन फोल्डर २. बारसं सावळज.
साहेब वाढदिवस मोठा. साहेब वाढदिवस अजून मोठा.
शिदूतात्या. शिदूतात्या फायनल.
शिदूतात्या फायनल २.
उघडलं. फेटा, मिशी, अर्धा खांदा.

"हे सौद्याचे मुकादम ना?
काट्यावरनं अब्बांशी रोज भांडायचे,
आणि दुपारी त्यांच्याच डब्यात जेवायचे."
मी कॉपीची हिरवी पट्टी सरकताना बघत बसलो.

तीनच्या सुमाराला तिनं कालचं अपडेट मागं घेतलं.
मागं घेता येतं हे मला माहीत नव्हतं.
चालू झाला. पडद्यावर नात, दात पडलेली.
खाली तारीख तेवढी चुकलेली:
एक जानेवारी दोन हजार पंधरा.
"सेल गेलाय, शर्टाच्या बटणाएवढा असतो.
त्याच्याशिवाय ह्याला काळ कळत नाही. साठ रुपये."

दोन हजार पंधरा.
त्याच जानेवारीत तात्या थोरलीच्या पत्रिकांसाठी
माझ्या स्टुलावर ठाण मांडून होते.
गणपती चार वेळा बदलून घेतला,
शेवटी पहिलाच बरा म्हणाले,
आणि अकराशे बाकी ठेवून गेले.
वही आहे अजून.
म्हणजे ह्या लॅपटॉपच्या हिशेबानं
मागायला हरकत नाही.

मी काही बोलायच्या आत तिनं नेट जोडलं.
आकडे एकदा हलले आणि आजचे झाले.

पाचला फ्लेक्स छापायला टाकला.
मशीनमधनं तात्या फेट्याकडून हळूहळू बाहेर येत होते,
खांदा आला तेव्हा दिसलं:
दोन बोटं राहून गेलीत, त्या दुसऱ्याची.
थांबवून पुसता आली असती.
शाई वाळायला वेळ लागतो, तोवर
मी पुतण्याला चहा सांगितला.